१८९० च्या दशकात लंडनचं पत्र मुंबईला कधी अडीच, तर कधी साडेतीन आठवड्यांनी का पोहोचायचं?

बोटीच्या वेगापेक्षा खरा घोळ टपाल आणि बोटीच्या वेळा जुळण्याचा. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची डाकबोट आठवड्यातून एकदाच. टपाल शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून निघे, रेल्वेने फ्रान्स आणि आल्प्समधला बोगदा ओलांडून इटलीच्या ब्रिंदिसी बंदरात बोटीवर चढे. शनिवारी टाकलेलं पत्र म्हणजे सहा दिवस लंडनमध्येच पडून.

पुढे सुएझ कालवा. १८८७ पासून विजेचा झोतदिवा असलेल्या बोटींना तो रात्रीही पार करता येई. त्याआधी अंधार पडला की बहुतेकदा बोट बांधून थांबणं आलंच. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा मुंबईकडे येताना पाठीशी, पण मुंबईहून एडनला (तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचं बंदर) जाताना थेट तोंडावर. म्हणून उशिराचा फटका जास्त करून इथून जाणाऱ्या टपालाला.

एडन-मुंबई टप्प्यात बोटीवरच टपालाची गावांनुसार वर्गवारी होई (ही सोय १९१४ पर्यंत टिकली), त्यामुळे मुंबईत थैल्या थेट रेल्वेकडे जात. तुमच्याकडे त्या काळचं पाकीट असेल, तर आधी लंडनच्या शिक्क्यावरच्या तारखेला कोणता वार होता ते काढा. शनिवार ते सोमवारमधला असेल, तर बराचसा उशीर तिथेच सापडला. पार्सलांना हे गणित लावू नका. ती बहुधा जिब्राल्टरवरून पूर्ण समुद्रमार्गे, सावकाश यायची.