नाकावरचा कॅन्सर काढल्यावर कानामागची कातडी लावावी की कपाळाची?

तुम्ही विचारलंय, वडिलांच्या नाकाच्या शेंड्यावरचा कॅन्सर काढल्यावर डॉक्टर कपाळाची कातडी वळवू म्हणतात. घरचे म्हणतात कानामागची लावा, एकाच ऑपरेशनात मोकळे. घरच्यांचं ऐकू नका.

आमच्या मायचं हेच झालं. बीडकडचं गाव, सगळा जन्म उन्हात. नाकावर बारीक फोड यायचा, खपली धरायचा, पुन्हा रक्त. दोन वर्षं हळद लावली. तुकडा तपासला तर बेसल सेल कॅन्सर. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, खड्ड्याच्या तळाला कूर्चा, म्हणजे नाकाचं लवचिक मऊ हाड, उघडी पडेल. कपाळाची पट्टी भुवईपाशी देठ ठेवून नाकावर वळवू, तीन आठवड्यांनी देठ कापू. दादा तिथंच उखडला. "२१ दिवस मायच्या तोंडावर सोंड? पोरीचं लग्न हाय माझ्या! कसलं नवं खूळ हे?" त्याच्या हट्टापायी कानामागची लावली.

सातव्या दिवशी नाकावर टाके घालून बांधलेला बोळा सोडला. कडा गुलाबी, मधे काळंजांभळं. जांभळी कातडीही कधी कधी धरते म्हणून थांबलो. मधली धरली नाही, चिंचेच्या टरफलासारखी वाळून निघाली. जखम भरता भरता एक नाकपुडी वर ओढली गेली. लग्नात माय नाकावर पदर धरून मांडवाच्या मागच्या बाजूला बसली होती.

दादा अजून म्हणतो, डॉक्टरचा हात खराब. हात खराब नव्हता! सुटी कातडी खालच्या रक्तावर जगते; उघड्या कूर्चेवर रक्त कुठलं? कपाळाची पट्टी देठातून आपलं रक्त घेऊन येते. आणि नवं खूळ कसलं? टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाचं नाक पुण्याकडे असंच कपाळाच्या कातडीनं केलं होतं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं.

हां, खड्डा लहान, उथळ असेल आणि तळ चांगला असेल तर कानामागची कातडी छान बसते. ते डॉक्टरच बघून सांगतील. कॅन्सर कडेपर्यंत पूर्ण निघाला का, हेही आधी विचारा.

वडील तंबाखू खात असतील तर आत्ताच बंद करा, तिच्यानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. मायची मिश्रीची डबी मी ऑपरेशनआधी उकिरड्यावर फेकली होती. "म्हातारीला तेवढाच एक आधार" म्हणत दादानं दुसऱ्याच दिवशी नवी पुडी आणून दिली. डॉक्टरच्या हाताबद्दल बोलताना ही पुडी तो कुणाला सांगत नाही.