एका प्रश्नापायी बॅकएंड सोडू नकोस

तासगावहून आलेलं तुझं पत्र वाचलं. बीसीएचं शेवटचं वर्ष, पायथन आणि मायएसक्यूएलमध्ये हळदीच्या ऑनलाइन सौद्याचा प्रोजेक्ट केलास, पुण्यात इंटरव्ह्यूला विचारलं युजरने भरलेली माहिती कुठं तपासतेस, तू म्हणालीस जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच, आणि त्यांनी "मग सर्व्हरवर?" विचारल्यावर गप्प झालीस. आता म्हणतेस बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचं काम, जमणार नाही, डिझाइनकडे वळू का? अगं डिझाइन मनापासून आवडत असेल तर जरूर जा, पण घाबरून नको.

तुझं उत्तर अर्धं बरोबर होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकरी घरून पोती मोजून आणतो तरी तिथल्या काट्यावर परत वजन होतंच ना, आणि पट्टी बनते ती त्याच वजनावर. घरचं वजन त्याच्या स्वतःच्या अंदाजासाठी. ब्राउझरमधलं व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती तपासणं, तसंच आहे, चूक लगेच दिसते, फॉर्म परत भरावा लागत नाही, म्हणून ते ठेवायचंच. पण ब्राउझर युजरच्या हातात असतो, तो जावास्क्रिप्ट बंद करेल, नाहीतर फॉर्मला हात न लावता पोस्टमन नावाच्या टूलमधून सर्व्हरला थेट रिक्वेस्ट पाठवेल, म्हणून खरा काटा सर्व्हरवरच पाहिजे.

आजच करून बघ, पोस्टमनमधून क्विंटलच्या जागी उणे ५० पाठव. सेव्ह झालं तर तुझ्याच डोळ्यांनी दिसेल ते तुला काय विचारत होते. आणि बोलीची रक्कम किंवा युजरचा आयडी लपवलेल्या फील्डमधून येत असेल तर तोही बदलता येतो, त्यामुळे कोण बोली लावतंय ते सर्व्हरने लॉगिनवरूनच ठरवायचं.

दोन्हीकडचे नियम जुळतात का तेपण बघ, आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. कुणी मराठी कीबोर्डवरून ४५ टाइप केलं तर जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर कसा असावा त्याचा साचा) बॅकस्लॅश-डी, म्हणजे "इथं अंक हवा" ही खूण, ते नाकारतो, कारण तो फक्त इंग्रजी अंक धरतो, पण पायथन ३ मध्ये तोच देवनागरी अंकसुद्धा पास करतो. आणि नावासाठी फक्त ए टू झेड ठेवलं असशील तर मराठीत नाव लिहिणारा माणूस बाहेरच राहील, ते आधी काढ. डेटाबेसमध्येही चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे चुकीची माहिती आत न घेण्याचा नियम, लाव, फक्त मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीचं असेल तर ते चेक लिहून घेतं आणि पाळत नाही, तेव्हा व्हर्जन बघून घे.

अजून एक, व्हॅलिडेशन केलं म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे भरलेल्या माहितीतून डेटाबेसला भलताच हुकूम घुसवणं, थांबलं असं समजू नकोस, त्यासाठी क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम) पॅरामीटर देऊनच लिहायची, म्हणजे युजरची माहिती त्यात वेगळी द्यायची, स्ट्रिंग जोडून कधीच नाही. ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीतून २०१५ मध्ये दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती याच वाटेनं गेली आणि ४ लाख पौंड दंड झाला.

एवढं आठवडाभरात होतं गं. मग रेझ्युमेत "सर्व्हरसाइड व्हॅलिडेशन केलं" असं नुसतं लिहू नकोस, पोस्टमनमधून कुठल्या चुकीच्या रिक्वेस्ट पाठवल्यास आणि सर्व्हरने प्रत्येकीला काय उत्तर दिलं त्याचं एक पान प्रोजेक्टसोबत ठेव, फ्रेशरकडं असलं काही असलं की मुलाखतीत बोलणं तिथूनच सुरू होतं. उणे ५० चं काय झालं ते मला नक्की कळव.