घाटात पाचवा गिअर नको

प्रश्न : माझी रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० बाइक एकटा असताना हायवेला ८०-९० ला मस्त चालते. पण वाईहून पसरणी घाटाने डबलसीट पाचगणीला जाताना ४०-४५ च्या वर जातच नाही. पाचव्या गिअरमध्ये इंजिन धडधडतं, हँडल थरथरतं. खड्ड्यात मागे बसलेल्या बायकोच्या कमरेला दणका बसतो. इंजिनात दोष असेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : इंजिन ठीक असावं, गिअर चुकतोय. या ३४९ सीसी इंजिनाची २०.२ बीएचपी ताकद ६१०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळते आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ४००० ला. पाचव्यात ४०-४५ ला इंजिन त्याच्या बरंच खाली फिरतं. गाडी १९१ किलोची. दोघं आणि बॅगा धरल्या की साडेतीनशेच्या घरात. लांब स्ट्रोकमुळे (पिस्टनची वर-खाली धाव) इंजिन कमी फेऱ्यांवरूनही ओढतं, म्हणून सपाटीला गिअर पाडायची गरज भासत नाही. ती सवय चढाला नडते.

वळण यायच्या आधीच तिसरा टाका, अगदी तीव्र वळणाला दुसरा. गाडीला आरपीएम मीटर नाही, त्यामुळे कान वापरा : ठोके सुटे सुटे ऐकू आले की एक गिअर खाली. उतरतानाही तोच गिअर ठेवा. न्यूट्रलवर सोडलीत तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात.

तिसऱ्यातही आवाज चढतोय आणि वेग वाढत नाही, असं झालं तर मात्र क्लच घसरतोय. आधी लिव्हरला थोडी ढील आहे का बघा. मग तेल : क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे कारचं तेल चालत नाही. डब्यावर 'जासो एमए२' (तेलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक) लिहिलेलं हवं.

कमरेसाठी मागचे दोन्ही शॉकअप बघा. प्रीलोडला, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याला, ६ पायऱ्या आहेत. गाडी मेन स्टँडला लावा, म्हणजे स्प्रिंगवरचा भार उतरतो. हुकाचा पाना रिंगच्या खाचेत अडकवून स्प्रिंग दाबली जाईल त्या बाजूला एक-दोन पायऱ्या फिरवा. डावी-उजवीकडे पायरी एकच हवी, हे नक्की तपासा. एकटे जाताना परत खाली आणा, नाहीतर तुम्हालाच दणके बसतील.

प्रश्न : उंची ५ फूट २ इंच. क्लासिक ३५० घेऊ की मिटिऑर?

उत्तर : मिटिऑर. सीट ७६५ मिमीवर आहे, क्लासिकची ८०५. पाय टेकायला ते ४ सेंटिमीटर फार मोलाचे. मात्र उताराकडे तोंड करून पार्क करू नका. एवढी जड गाडी मागे ओढताना पाय घसरतो.