बाबा हट्टी झाले नसतील, आधी त्यांचा खांदा तपासून घ्या

तुम्ही लिहिलंय की बाबांना दीड महिन्यापूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं, पाय आता जरा टाकतात पण हात तसाच लोंबतोय. सांभाळायला ब्युरोचा, म्हणजे घरी पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा, माणूस ठेवलाय. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांत जे यायचं ते येईल. आणि मग तुमचं ते वाक्य: "गेल्या आठवड्यापासून फार हट्टी झालेत, फिजिओला हातच लावू देत नाहीत, ब्युरोच्या माणसाला ढकलून देतात." बाकीची पोस्ट मी एकदा वाचली, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या घरी अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, अगदी हेच बोललं जायचं. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. घरातल्या आजारी माणसाचं सगळं केलेली सून आहे. तेव्हा खाली जे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. बीपी, शुगर, रक्त पातळ ठेवण्याची गोळी, गिळताना ठसका लागतो का, हे सगळं तुम्हाला सांगितलेलं असणारच, त्यात शिरत नाही.

अण्णांचीही उजवीच बाजू गेली होती. बोलण्यातून एकच शब्द उरला होता, 'हो'. दुखतंय का? हो. बरं वाटतंय का? हो. चहा घेणार? हो. अशा माणसाला काय होतंय ते त्याच्या बोलण्यातून कळत नाही, त्याच्या अंगाकडे बघावं लागतं. सकाळी त्यांना उठवायला ब्युरोचा माणूस कॉटजवळ आला की अण्णा डाव्या हाताने कॉटची लोखंडी पट्टी अशी गच्च धरत की बोटांची पेरं पांढरी पडत. येणारे-जाणारे म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय, चिडचिड होणारच.

मग एकदा आमच्या नेहमीच्या फिजिओच्या जागी दुसरी मुलगी आली. तिने व्यायाम सुरूच केले नाहीत. अण्णांना खुर्चीत बसवून शर्टाची वरची बटणं काढली, खांद्याच्या टोकाला जे हाड लागतं त्याच्या खाली बोट ठेवलं आणि आम्हालाही ठेवून बघायला सांगितलं. तिथे खळगा होता, आडवं बोट आत जाईल एवढा. डाव्या खांद्याला तसं काही नव्हतं. मग तिने विचारलं, "यांना उठवतं कोण? कसं उठवता ते करून दाखवा." तो माणूस समोर उभा राहिला, दोन्ही काखांत हात घातले आणि एका झटक्यात अण्णांना वर ओढलं. अण्णा कळवळले. ती म्हणाली, "हेच."

तिने समजावलं ते असं. खांद्याची खोबण खोल नसते, बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिथे टिकतो तो मुख्यतः भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर. स्ट्रोकनंतर सुरुवातीला हात लुळा असतो तेव्हा हे स्नायू कामच करत नाहीत, आणि हाताचं स्वतःचं वजनच गोळ्याला खाली ओढत राहतं. याला सबलक्सेशन म्हणतात. सांधा पूर्ण निखळलेला नसतो, खाली सरकलेला असतो. नुसतं सबलक्सेशन दरवेळी दुखतंच असं नाही. पण त्याच सांध्याला रोज काखेतून उचलून किंवा मनगटाला धरून हिसका बसला की भोवतीचं सगळं ताणलं जातं, सुजतं आणि मग दुखणं सुरू होतं. एकदा दुखायला लागलं की माणूस हात हलवू देत नाही, हलवला नाही की खांदा आखडतो, आखडला की आणखी दुखतो. हाताचे व्यायाम तिथेच थांबतात. बाहेरून बघणाऱ्याला हे हट्ट वाटतं.

आता ब्युरोबद्दल. नाव घेत नाही. पैसे महिन्याचे आगाऊ घेतले, वर डिपॉझिट घेतलं, पावतीवर 'प्रशिक्षित अटेंडंट' असं छापलेलं. मी ऑफिसात जाऊन खांद्याचं सांगितलं तर तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "पेशंटचं वजन किती?" मग म्हणाल्या, "एवढ्या वजनाच्या माणसाला हाताला धरल्याशिवाय कसं उचलणार?" लेखी तक्रार द्या म्हणाल्या, दिली. त्यावर उत्तर नाही. माणूस बदलून दिला, तर नवा आलेलाही काखेतूनच उचलणारा. मी विचारलं, यांना शिकवतं कोण? तर म्हणे, जुन्या मुलांबरोबर दोन दिवस राहिले की येतं. डिपॉझिट अजून मिळालेलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते अण्णांच्या उजव्या हाताचं. सुरुवातीचे आठवडे म्हणजे मेंदू सगळ्यात जास्त शिकण्याच्या तयारीत असण्याचा काळ, आणि त्यातला मोठा भाग अण्णांचा खांदा शांत करण्यात गेला. अण्णा पुढे काठी घेऊन चालायला लागले, उजव्या हाताने मात्र घास तोंडापर्यंत गेला नाही. हिसके बसले नसते तर गेलाच असता असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. पण निदान हाताला संधी तरी मिळाली असती. तेवढीही मिळाली नाही याचा राग माझ्या मनातून जात नाही.

त्या मुलांवर मात्र माझा राग नाही. दुसरा आलेला मुलगा हिंगोलीकडचा होता, वीस-बावीस वर्षांचा. फिजिओने एका दुपारी त्याला नीट दाखवलं आणि त्यानंतर तो कधी चुकला नाही. उलट पाहुणे मंडळी प्रेमाने अण्णांना हात धरून उठवायला पुढे झाली की तोच त्यांना अडवायचा. म्हणजे दुपारभराचं शिकवणं होतं, आणि तेवढंही कोणाला करावंसं वाटलं नव्हतं.

तर तुम्ही उद्या काय करा. फिजिओ आणि ब्युरोचा माणूस दोघे एकाच वेळी घरात असतील असं जमवा आणि माणसाला सांगा, उठवून दाखव. उठवायची पद्धत आम्हाला शिकवली ती अशी: बाबांना कॉटच्या कडेपर्यंत पुढे सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, टाचा जमिनीला टेकलेल्या. कमरेला रुंद पट्टा बांधायचा. माणसाने लुळ्या बाजूला राहायचं, आपल्या गुडघ्याने त्यांच्या लुळ्या गुडघ्याला आधार द्यायचा, एक हात पट्ट्याला आणि दुसरा मागून खांद्याच्या फऱ्यावर. मग त्यांना पुढे झुकवायचं. पुरेसं पुढे झुकलं की कंबर आपोआप उचलली जाते, ओढावं लागत नाही. वाचून कळणार नाही, समोर करून घ्या, आणि तुम्हीही शिका, कारण माणूस रजेवर जातोच.

खांदा दुखतोय म्हणून हाडवैद्याकडे 'बसवायला' नेऊ नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. तो सांधा ओढून बसवायचा नसतो. पुनर्वसनाचे, म्हणजे पीएमआरचे डॉक्टर गाठा, ते नसतील तर हाडांचे. त्यांना एक्सरे काढायचा की नाही ते ठरवू द्या. पंजा सुजलाय, कातडी चकचकीत दिसतेय, बोटांना नुसतं हात लावला तरी दुखतं, असं असेल तर थांबूच नका. ते वेगळं दुखणं असतं, आणि त्यावर वेळेत उपचार झाले तर फरक पडतो. मुंबईत असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे डॉक्टर, फिजिओ, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि हाताला आधार देणारे स्प्लिंट बनवणारे एकाच छताखाली मिळतात.

बसलेले असताना हात मांडीवरून खाली लोंबू देऊ नका, उशीवर किंवा खुर्चीच्या पाटावर कोपरापासून पंजापर्यंत टेकलेला हवा. गळ्यातली झोळी चालताना ठीक, पण दिवसभर अडकवून ठेवली की हात पोटाशी दुमडलेलाच आखडतो. बीपीचा पट्टा आणि सलाईनची सुई चांगल्या हाताला. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. लुळ्या कुशीवर झोपवलं तर चालतं, चांगलंच असतं, पण त्या बाजूचा फरा पुढे काढून, म्हणजे वजन थेट खांद्याच्या गोळ्यावर येत नाही. हे मात्र एकदा फिजिओकडून करून घ्याच.

दोन गोष्टींवर माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पहिली पुली. दाराला नाहीतर छताच्या हुकाला दोरी बांधून चांगल्या हाताने लुळा हात डोक्यावर ओढायचा व्यायाम घरोघरी चालतो, कित्येक क्लिनिकमध्येही चालतो. फऱ्याची साथ नसताना हात असा वर खेचला की खांद्यात चिमटा बसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्याकडे बांधली असेल तर आजच सोडा. दुसरी गोष्ट स्पंजचा बॉल. भेटायला येणारा प्रत्येक जण तो घेऊन येतो आणि दाबायला सांगतो. ज्याची मूठ आधीच आवळलेली आहे त्याला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? अडतं ते बोटं उघडण्यापाशी. काही फिजिओ यावर माझ्याशी सहमत नसतील, हे माहीत आहे.

तेल लावायला हरकत नाही. आमच्याकडे रोज महानारायण तेल लावायचे, अण्णांना बरं वाटायचं. पण हलक्या हाताने, ओढाताण न करता. कबुतराचं रक्त, अमक्या गावचा झाडपाला, यात वेळ घालवू नका. दीड महिना झालाय, हा काळ परत येत नाही.

आता 'तीन महिन्यांत जे यायचं ते येईल' याबद्दल. डॉक्टर अगदीच चूक नाहीत, सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं. पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, एक्साइट नावाचा. स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ जणांना घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांचा चांगला हात जाड मोज्यात अडकवून दोन आठवडे लुळ्या हाताकडूनच काम करून घेतलं. त्यांचा हात नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगला चालायला लागला, आणि वर्षानंतरही तो फरक टिकून होता. मात्र त्यात घेतलेल्या माणसांची मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत होती. काहीच उघडत नसेल तर ही पद्धत निव्वळ छळ ठरते. त्यांच्यासाठी आरशाची पद्धत असते: दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, लुळा हात त्याच्या मागे, चांगल्या हाताची हालचाल आरशात बघायची. खांदा दुखत असतानाही ती बसून करता येते, म्हणून तुमच्या फिजिओला विचारून बघा.

वर एकांनी लिहिलंय की फिजिओचे पैसे वाचवा, व्हिडिओ बघून घरच्यांनीच करा. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे आपल्या देशात तपासून झालंय. अटेंड नावाचा अभ्यास, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारतातली १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट. एका गटात घरच्या माणसांना व्यायाम शिकवून नेहमीच्या उपचारांना त्यांची जोड दिली, दुसऱ्या गटाला नुसते नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू आणि परावलंबन सारखंच निघालं. घरच्यांचं करणं वाया जातं असा मी याचा अर्थ घेत नाही. पण फिजिओचं काम आपल्याला झेपेल अशी समजूत नको. आपलं काम उरलेल्या तेवीस तासांचं आहे: उठवणं, बसवणं, कपडे, कूस बदलणं. खांदा बिघडतो तो तिथेच.

बाबा रडतात, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं आणि त्याला औषध आहे. बोलता येत नसलेल्या माणसाचं ते लवकर लक्षात येत नाही.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवते. तब्येत स्थिरावली की दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर, तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग पालकासाठी आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

आणि हे कळवा: बाबांचा मनगटापासून पंजा थोडा तरी वर येतो का, बोटं उघडतात का, पंजाला सूज आहे का. ब्युरोचा माणूस त्यांना कुठे धरून उठवतो तेही बघून लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.