परदेशातील कच्चे मांस, इथले नळाचे पाणी आणि कावीळ

प्रश्न : माझा धाकटा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीत आहे. गेल्या महिन्यात त्याला कावीळ झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ‘हेपॅटायटिस ई’ असे निदान करून डुकराचे कच्चे मांस खाल्ले होते का, असे विचारले. तो दिवाळीला घरी येणार आहे आणि थोरली सून गरोदर आहे. तिला त्याच्यापासून धोका आहे का? आमच्या घरी डुकराचे मांस कोणी खात नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : डॉक्टरांचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘हेपॅटायटिस ई’ म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज. या विषाणूचे माणसाला बाधणारे चार प्रमुख प्रकार आहेत. त्यांपैकी 1 आणि 2 फक्त माणसांत आढळतात व दूषित पाण्यातून पसरतात. 3 आणि 4 मात्र डुकरे, रानडुकरे, हरणे यांच्यात असतात आणि कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून आपल्यापर्यंत पोहोचतात. बाधा झालेले डुक्कर आजारी दिसत नाही. जर्मनीत डुकराचा कच्चा खिमा मीठ-मिरी लावून, वर चिरलेला कांदा पेरून पावावर खातात, तर फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर यकृताचे धुरी दिलेले सॉसेज न शिजवताच खाण्याची रीत आहे. यकृत हेच विषाणूचे मुख्य ठाणे असल्याने हा दुसरा पदार्थ अधिक जोखमीचा. खारवून, धुरी देऊन किंवा गोठवून विषाणू मरेलच याची खात्री नसते. फ्रेंच संशोधकांच्या प्रयोगात आतपर्यंत 71 अंश सेल्सियस तापमान 20 मिनिटे राखल्यावरच तो पूर्ण निष्प्रभ झाला. जपानने तर 2015 मध्ये उपाहारगृहांत कच्चे डुकराचे मांस देण्यावर बंदी घातली.

मुलापासून थेट संसर्ग होण्याची शक्यता कमी आहे. कावीळ सुरू झाल्यावर साधारण तीन-चार आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो. तोवर हात साबणाने धुण्याची शिस्त पाळावी आणि त्याने स्वयंपाकात हात घालू नये.

सुनेची खरी काळजी घ्यायची ती पाण्याबाबत. भारतात माणसांना होणारी ही कावीळ प्रामुख्याने 1 या प्रकाराची असते आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती झाल्यास 20 ते 25 टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात. मांसाहार न करणाऱ्या घरातही ती शिरते ती अशी. दिल्लीत 1955-56 मध्ये सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे सुमारे 29,000 जणांना कावीळ झाली होती. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. मधल्या काळात रिकाम्या वाहिनीला गळती असेल, तर शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळाला सुरुवातीला येणारे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. स्वच्छ दिसणारे पाणीही खळखळून उकळावे, कारण नुसते फडक्याने गाळून विषाणू अडत नाही.

यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात. कावीळ ‘उतरवून घेण्यात’ मात्र वेळ दवडू नये. सुनेला मळमळ, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.