रात्री घरी हळू आवाजात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आहे, कोणता स्पीकर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, टिनाचं घर, बाजूच्या खोलीत आजी झोपते. कॉलेज आणि वावरातली कामं उरकून रात्री नऊनंतरच गिटार हाती लागते. मल्टिइफेक्ट पेडल (गिटारच्या आवाजाला वेगवेगळे इफेक्ट देणारी पेटी) तुमच्याकडे आहे. आता 12 इंची स्पीकरचा गिटार अॅम्प घ्यावा, पेडल घरच्या होम थिएटरला जोडावं, की ब्लूटूथ स्पीकरवर भागेल?

पेडल आहे म्हटल्यावर 12 इंची अॅम्प घेऊ नका. साडेतीन ते साडेचार इंची स्पीकरचे दोन छोटे पॉवर्ड मॉनिटर (आतच अॅम्प असलेले, आवाज आहे तसा देणारे स्पीकर) घ्या, ते कानाच्या उंचीवर आणि दोन-अडीच फुटांवर ठेवा. जेबीएल 104 किंवा प्रीसोनस एरिस 3.5 या जातीचे. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवर वाजते आणि हे छोटे मॉनिटर साधारण तिथपर्यंत उतरतात. हळू आवाजासाठी याहून खोल बास लागत नाही, आणि आजीच्या खोलीत भिंतीतून शिरतो तो बासच.

लोक वॅटवर अडतात. 50 वॅटचा अॅम्प घरात मोठा होईल, 5 वॅटचा चालेल, असा हिशेब करतात. 12 इंची गिटार स्पीकर एका वॅटवरच एक मीटर अंतरावर 97 ते 100 डेसिबल आवाज देतो. घरातलं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. 100 वरून 60 वर यायचं तर वॅटचा दहा हजारावा भाग पुरतो. म्हणजे तुम्ही रात्री जे वाजवणार त्यासाठी 5 वॅट काय आणि 50 वॅट काय, दोन्ही फार झाले. अडचण नॉबची होते: शून्याच्या जरा पुढे केसाएवढा सरकला की आवाज एकदम अंगावर येतो, मागे घेतला की गायब. छोट्या मॉनिटरवर ही कसरत बरीच कमी होते, कारण पेडलचा आणि मॉनिटरचा असे दोन व्हॉल्यूम हाताशी असतात. मॉनिटर ठरावीक जागी ठेवून द्या आणि पेडलवरून कमीजास्त करा.

आता ज्या एका गोष्टीमुळे बरेच जण मॉनिटर घेऊन नाराज होतात ती नीट समजून घ्या. गिटार अॅम्पचा स्पीकर 5 हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही वाजवत नाही. डिस्टॉर्शनमधली (मुद्दाम फाडलेल्या आवाजातली) सगळी करकर तोच गाळून टाकतो. मॉनिटर मात्र 20 हजारांपर्यंत सगळं प्रामाणिकपणे वाजवतो, त्यामुळे डिस्टॉर्शन थेट दिलं तर माशी घोंगावल्यासारखा चिरका आवाज येतो. म्हणून पेडलमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या या गाळण्याची नक्कल), काहींमध्ये आयआर म्हणून असतं, ते चालू हवं, आणि आउटपुटची सेटिंग असेल तर ती अॅम्पवर नाही, लाइनवर. क्लीन टोनमध्ये हा फरक फारसा कळत नाही. ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) लावून ही सेटिंग चालू-बंद करून पाहा, लगेच कानात बसेल. पुढे कधी कुणाच्या गिटार अॅम्पला पेडल लावलंत तर हीच सेटिंग बंद करायची, नाहीतर आवाज दोनदा गाळला जाऊन घोंगडीखालून आल्यासारखा होतो.

हळू आवाजात टोन पातळ वाटतो तो स्पीकरचा दोष नाही, आपल्या कानाची घडणच तशी आहे. 1933 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं: आवाज कमी झाला की बास आणि अगदी वरची ट्रेबल मधल्या पट्टीपेक्षा जास्त कमी ऐकू येते. म्हणून रात्रीसाठी वेगळा पॅच (पेडलमध्ये साठवलेली सेटिंग) करा. बास थोडा वर, जाणवेल न जाणवेल इतका रिव्हर्ब (घुमारा). हाच पॅच गणपतीत मंडळाच्या मोठ्या साऊंडवर लावलात तर बास बदाबदा होईल, तेव्हा कार्यक्रमाचा पॅच स्वतंत्र ठेवा. आणि आवाज अगदीच कमीही करू नका. एका मर्यादेखाली तारांची स्वतःची टकटक स्पीकरच्या वर ऐकू येते आणि मग टोनवर कितीही मेहनत घ्या, उपयोग नाही. शेजारी बसलेल्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल, इतक्यावर ठेवा.

ब्लूटूथ मात्र नकोच. त्यात आवाज साधारण 150 ते 200 मिलिसेकंद उशिरा येतो. हवेतून आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, त्या हिशेबाने तुम्ही वावराच्या या धुऱ्यावर आणि स्पीकर 50-70 मीटरवर पलीकडच्या धुऱ्यावर अशी स्थिती होते. गाणं ऐकताना हे कळत नाही, वाजवताना हात अडखळतो. हेडफोनलाही तेच लागू. रात्री दहानंतर हेडफोन घ्यालच, तर वायरचाच, पेडलच्या हेडफोन सॉकेटमध्ये.

होम थिएटर पैसे खर्च करण्याआधी जरूर लावून पाहा, पण पेडलमधूनच. गिटार थेट ऑक्समध्ये खुपसली तर आवाज मंद आणि बोथट येतो, कारण गिटारच्या पिकअपला (तारांची थरथर पकडणाऱ्या भागाला) साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो आणि ऑक्सचा त्याच्या कितीतरी खाली असतो. सबवूफर जवळजवळ बंद करा. क्लीन वाजवण्यापुरतं जमलं तर मॉनिटरचे पैसे सवडीने जमवा.

घराचं म्हणाल तर टिन हा मोठा विषय आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, आमचंही छत टिनाचंच. एखाद्या ठरावीक सुरावर मांडणीवरची स्टीलची ताटं थरथरायला लागतात, बाकी सुरांवर गप्प. टिनाच्या हुकाचे नट सैल असले तर छतही साथ देतं. तो सूर हुडका (पाचव्या-सहाव्या तारेवर हळूहळू एकेक फ्रेट चढत जा, सापडतो), मग पेडलच्या इक्यूमध्ये (बास, ट्रेबल वगैरे पट्ट्या कमीजास्त करायची सोय) तेवढाच भाग दोन-तीन डेसिबल खाली घ्या. मॉनिटर कोपऱ्यात आणि थेट टेबलावर ठेवू नका. खाली जाड फोम किंवा घडी घातलेली गोधडी घाला. भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढा, कोपऱ्यात बास फुगतो.

भाव चढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवला असेल, तर त्या खोलीत आवाज किती छान सुका, स्वच्छ येतो हे तुम्हाला माहीत असेल. कापूस आवाज शोषतो हे खरं, पण तिथे वाजवायला बसू नका. अॅडॉप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, सैल प्लग, एक ठिणगी पुरते. वर्षाची कमाई तिथे असते.

लाईनचं, म्हणजे विजेचं, आपल्याकडे काही खरं नसतं. इन्व्हर्टर जुन्या स्क्वेअर वेव्ह पद्धतीचा असेल तर स्पीकरमधून सतत भणभण येते. तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. तारांना हात लावला की भणभण कमी होते, ते नेहमीचंच. पण तारेला हात लागताच झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद करा, तो दोष वाजवण्याचा नाही, वायरिंगचा आहे आणि जिवावर बेततो. पेडल नसतं, किंवा लाईन रोज रात्री जाते अशी परिस्थिती असती, तर मी बॅटरीवरचा छोटा अॅम्प सांगितला असता: बॉस कटाना मिनी 7 वॅट, 4 इंची स्पीकर, सहा डबल-ए सेलवर चालतो. ब्लॅकस्टार फ्लाय 3 त्याहून लहान. बॅटरीवर वाजवलं की लाईनची भणभण बरीच कमी होते.

घ्यायला नागपूरला किंवा अमरावतीला गेलात तर स्वतःची गिटार, पेडल आणि केबल सोबत न्या. दुकानात सगळेच आवाज चढवून ऐकवतात आणि चढवला की कुठलाही स्पीकर भारी वाटतो. तुम्ही काउंटरवरच्या माणसाशी न ओरडता बोलता येईल इतका आवाज करायला लावा, रात्रीचा पॅच लावा आणि जाड तारेवरचे कॉर्ड वाजवून बघा, प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो की एकात एक मिसळतो.