पुण्यात उष्णतेची लाट आली की सरकारी आराखड्यानुसार नेमकं काय होतं?

सुरुवात हवामान खात्याच्या इशाऱ्याने होते. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीहून ४.५ अंश जास्त, हा लाटेचा निकष. पुढची कामं पालिका आणि आरोग्य खात्याची: दवाखान्यात ओआरएस, पाणपोया, उन्हातल्या कामाच्या वेळा बदलणं. देशात अशा आराखड्याचा पायंडा अहमदाबादने २०१३ मध्ये पाडला, २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर.

मला खटकतो तो निकषच. शिवाजीनगरच्या वेधशाळेत ३९ अंश म्हणजे लाट नाही. पण जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीत पत्र्याखाली झोपणाऱ्याला रात्रीही सुटका नसते. (आपण मात्र 'पुण्याची हवा थंड' म्हणत बसतो.)

उन्हात कुणी असंबद्ध बडबडू लागलं तर आधी १०८ लावा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता. माणूस शुद्धीवर नसेल तर पाणी पाजू नका.